पशुवैद्यक विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन अभ्याससाधने

पशुवैद्यकशास्त्र व पशुसंवर्धन या विषयाची पदवी भारतात साडेपाच वर्षांची असून त्यात एका वर्षाची आंतरवासिता अंतर्भूत आहे. अभ्यासक्रमाचे किमान निकष भारतीय पशुवैद्यक परिषद ठरवते. गाय, म्हैस, शेळी, घोडा, कुत्रा, कोंबडी यांची शरीररचना, रोग व औषधे एकाच पदवीत शिकावयाची असल्याने लागणारे ग्रंथ जाड असतात आणि परदेशी आवृत्त्या महागही असतात. ही उणीव मोफत ऑनलाइन साधने बऱ्याच अंशी भरून काढतात.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या ‘ई-कृषी शिक्षा’ या संकेतस्थळावर पदवीच्या विषयांनुसार पाठ उपलब्ध आहेत. पशुवैद्यकाचे पाठ चेन्नई येथील तमिळनाडू पशुवैद्यक व पशुविज्ञान विद्यापीठाने तयार केले. मात्र हे पाठ जुन्या सत्रपद्धतीच्या काळातील आहेत. २०१६ च्या नियमांनी वार्षिक पद्धत आणल्याने विषयांची मांडणी आज तंतोतंत जुळत नाही. मूलभूत विषयांसाठी ते अजूनही उपयुक्त आहेत. प्रबंध पाहावयाचे असल्यास ‘कृषिकोष’ हा संग्रह आहे.

रोगनिदानासाठी ‘एमएसडी व्हेटरनरी मॅन्युअल’ हे सर्वांत सोयीचे साधन म्हणता येईल. १९५५ पासून ग्रंथरूपाने निघणारा हा संदर्भ आता ऑनलाइन विनामूल्य वाचता येतो. त्यात रोग इंग्रजी नावाने शोधावे लागतात. गोठ्यात मात्र घटसर्प, फऱ्या, लाळ्या खुरकूत हीच नावे कानी पडतात, हे मराठी विद्यार्थ्याने ध्यानी ठेवावे. प्रयोगशाळेतील चाचण्यांसाठी पॅरिस येथील जागतिक पशुआरोग्य संघटनेची नियमपुस्तिका प्रमाण मानली जाते व तीही खुली आहे.

औषधांच्या बाबतीत मात्र परदेशी किंवा जुन्या मजकुरावर विसंबणे घातक ठरू शकते. वेदना व सूज कमी करणारे डायक्लोफिनॅक दिलेले जनावर दगावल्यास त्याचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, असे आढळल्यावर भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. याच कारणाने २०२३ मध्ये केटोप्रोफेन व अॅसिक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. युरोपात मात्र केटोप्रोफेन गुरांना आजही दिले जाते. त्यामुळे तेथील पुस्तिकेत ते निर्धोक औषध म्हणून आढळते आणि मात्राही दिलेली असते. ती पाहून लिहिलेली चिठ्ठी भारतात बेकायदा ठरेल. गिधाडांच्या दृष्टीने सुरक्षित पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम वापरले जाते.

रोगांच्या बाबतीतही पाठाची तारीख महत्त्वाची असते. लम्पी चर्मरोगाची भारतातील पहिली नोंद २०१९ मध्ये ओडिशात झाली आणि २०२२ मध्ये गुजरात, राजस्थान, महाराष्ट्रासह अनेक राज्यांत त्याची मोठी साथ आली. त्याआधी लिहिलेल्या पाठांत हा भारतात आढळणारा रोग म्हणून असणे शक्यच नव्हते.

एखाद्या औषधावर बंदी आहे किंवा नाही, हे केंद्र सरकारच्या राजपत्रातील अधिसूचनेवरून निश्चित कळते. हे राजपत्र ‘ई-राजपत्र’ या संकेतस्थळावर मोफत पाहता येते.