माळेगावचा घोडा, नवा तबेला

अहमदपूर-नांदेड मार्गावरील माळेगावची (ता. लोहा) खंडोबा यात्रा घोडेबाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथे घेतलेल्या घोड्यावर लगेच स्वार होण्याचा मोह टाळावा. खरा धोका चंदी-वैरणीचा. घोड्याला उलटी करता येत नाही. खाणे एकाएकी बदलल्यास पोटशूळ उठतो आणि तो जिवावरही बेततो. म्हणून विक्रेत्याकडून जुनी वैरण थोडी मागून घ्यावी व सात ते दहा दिवसांत नवी हळूहळू वाढवावी. बाजारातून संसर्गही येतो; दोन-तीन आठवडे इतर घोड्यांपासून त्याला वेगळे बांधावे. स्वारीची सुरुवात साध्या चालीने करावी. नवशिक्याची मांड कच्ची असते. तोल जाताच तो लगामाला लोंबकळतो आणि घोड्याचे तोंड दुखावते. जाणत्याने लांब दोरीवर घोडा फिरवावा, शिकणाऱ्याने रिकिबीविना बसावे. मांड पक्की झाल्यावरच दुडकी.