फाइव्ह-एचटी-सिक्सचं घराणं

अल्झायमरच्या नव्या औषधांची चर्चा निघाली की ‘फाइव्ह-एचटी-सिक्स’ हे नाव कधी ना कधी येतंच. सेरोटोनिनचा हा एक रिसेप्टर. पेशीच्या आवरणात रुतलेलं हे प्रथिन. सेरोटोनिन त्याला येऊन चिकटलं की पेशीच्या आत घडामोडी सुरू होतात. मेंदूबाहेर हा रिसेप्टर फारसा आढळत नाही. त्याचं घराणं मात्र आतड्यातलं.

१९३०च्या दशकात इटलीतल्या पाव्हिया इथे व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत स्नायू आकसवणारं एक द्रव्य सापडलं. १९४८मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला, उच्च रक्तदाबाचं मूळ शोधणाऱ्या आयर्विन पेज यांच्या प्रयोगशाळेत मॉरिस रॅपोर्ट आणि आर्डा ग्रीन यांनी रक्तातून सेरोटोनिन वेगळं केलं. दोन्ही द्रव्यं एकच, हे १९५२मध्ये सिद्ध झालं. मेंदूत ते असेल असं कुणाच्या फारसं मनात नव्हतं. बेटी ट्वारॉग यांच्या मनात आलं, कारण त्या शिंपल्यातल्या प्राण्यांच्या स्नायूंवर काम करत होत्या आणि तिथे नसांचा निरोप सेरोटोनिन पोहोचवतं अशी त्यांची खात्री पटली होती. पेज यांनी त्यांना जागा दिली आणि १९५३मध्ये सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सेरोटोनिन असल्याचं दोघांनी दाखवलं.

रिसेप्टर मात्र पुन्हा आतड्यातच सापडले. एडिंबरामध्ये जॉन गॅडम आणि पिकारेली हा प्रयोग करत होते. गिनीपिगच्या लहान आतड्याचा बोटभर तुकडा कोमट क्षारद्रावणात टांगायचा, त्याला दोरा, दोऱ्याला तरफ. तुकडा आकसला की तरफ हलते आणि कागदावर रेघ चढते. सेरोटोनिन टाकलं, रेघ चढली. डायबेन्झिलीन हे औषध आधी देऊन ठेवलं तर ती कमी चढे, पण पुरती बसेना. उरलेली चढण मॉर्फिनने थोपवली. म्हणजे सेरोटोनिनला दाद देणारी ठिकाणं दोन प्रकारची: १९५७च्या निबंधात त्यांना ‘डी’ आणि ‘एम’ ही नावं मिळाली. गंमत अशी, की मॉर्फिन त्या ‘एम’ रिसेप्टरला शिवतही नव्हतं; ते पुढच्या टप्प्यावर नसांतून ॲसिटिलकोलिन हे निरोप वाहणारं रसायन सुटणं रोखत होतं. स्पष्टीकरण चुकलं, पण प्रकार दोन आहेत हा निष्कर्ष टिकला.

१९७९मध्ये पेरुट्का आणि स्नायडर यांनी किरणोत्सारी खूण लावलेली रसायनं वापरून मेंदूतच दोन गट पाडले. मग जनुकं हाती येऊ लागली आणि कुटुंब फुगत सात शाखा, चौदा प्रकारांवर गेलं. सहावी शाखा, म्हणजे फाइव्ह-एचटी-सिक्स, १९९३ची, उंदरातली. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियाचं औषध तिला घट्ट धरतं, म्हणून आधी नजर त्या आजाराकडे होती. पुढे प्राण्यांमध्ये दिसलं, की ही शाखा अडवली तर मेंदूत ॲसिटिलकोलिन वाढतं. अल्झायमरमध्ये नेमकं तेच कमी पडतं आणि डोनेपेझिल हे औषध उरलेलं ॲसिटिलकोलिन वाचवतं. तेव्हा ही शाखा अडवणारं औषध डोनेपेझिलच्या जोडीने द्यावं, हा विचार कागदावर बिनतोड होता. पण ॲसिटिलकोलिन बनवणाऱ्या पेशीच या आजारात मरत असतात, याला त्या उत्साहात पुरेसं वजन मिळालं नाही असं मला वाटतं.

ही शाखा अडवणाऱ्या औषधांपैकी लुंडबेक कंपनीच्या इडालोपिर्डिनच्या तीन मोठ्या चाचण्यांत मिळून २५२५ रुग्ण होते. स्मरणशक्तीत फरक पडला नाही. ग्लॅक्सोकडून ५० लाख डॉलर देऊन घेतलेलं इंटेपिर्डिन २०१७मध्ये आपटलं आणि ॲक्सोव्हंट या कंपनीचा शेअर एका दिवसात कोसळला.

हैदराबादच्या सुवेन कंपनीचं मासुपिर्डिनही २०१९मध्ये स्मरणशक्तीच्या परीक्षेत नापास झालं. मात्र आकडे पुन्हा चाळताना काही रुग्णांची अस्वस्थता, आरडाओरडा, अंगावर धावून जाणं कमी झाल्यासारखं दिसलं. मागाहून शोधलेल्या अशा फायद्यावर विसंबता येत नाही, म्हणून खास त्याच लक्षणांसाठी नवी चाचणी हाती घेण्यात आली. तिच्यात मोजायचं आहे ते रुग्णाला काय आठवतं हे नाही, तर तो किती वेळा बिथरतो हे.