हरितगृह वायू व कोरडवाहू शेती : राणीसावरगाव परिसर

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव व भोवतालचा टापू सोयाबीन, कापूस, तूर अशा पावसावरच्या पिकांवर जगतो. तापमानवाढीमुळे इथे पाऊस आटेल, ही भीती सर्रास बोलली जाते. खरा धोका मात्र पावसाचा मेळ मोडण्याचा आहे. उन्हाने तापलेली जमीन अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता परत सोडते. कार्बन डायऑक्साइड, मिथेन व नायट्रस ऑक्साइड ती शोषतात आणि तिचा काही भाग पुन्हा जमिनीकडे येतो. असे वायू उष्णता शोषतात हे जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगाने दाखवले होते. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू असत. आज ते ४२० च्या वर आहेत. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणून उघडीप पडली की रानातली ओल लवकर उडते आणि पाऊस आला की कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. पावसाची बेरीज सरासरीइतकी भरली, पण फुलोऱ्यात ताण पडला आणि काढणीला पाणी साचले, तर त्या सरासरीने शेतकऱ्याच्या पदरी काही पडत नाही.

दुष्काळ मराठवाड्याला नवा नाही. १८९६-९७ व १९७२ ची साक्ष आहेच, हा आक्षेप खरा आहे. एखाद्याच दुष्काळाचे खापर सरसकट या वायूंवर फोडता येत नाही. मात्र सध्याची तापमानवाढही तशीच नैसर्गिक, म्हणजे सूर्यामुळे असती तर वातावरणाचा स्थितांबर हा वरचा थरही तापला असता. तो थंड होत आहे. पाणीटंचाईत उसाचा वाटा मोठा आहे, हेही नाकारता येत नाही. उलट, उपशाने विहिरी रित्या झालेल्या गावाला लांबलेली उघडीप अधिक जाचते. भारताचे दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीहून कमी असल्याने पहिली जबाबदारी श्रीमंत देशांची, हे न्याय्यच. तरीही कोळशावर विसंबणे आपल्याला परवडणारे नाही. शेजारच्या परळीतील कोळशावर चालणारे औष्णिक वीजकेंद्र २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले आणि २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली.