एका पुणेरी मुंगीची दोनदा चुकलेली ओळख

कानात इअरफोन घालून ऐकण्यापेक्षा निवांत वाचायला आवडतं, अशांसाठी आजच्या एपिसोडची ही लिखित आवृत्ती.

मी नागपुरात बसून दिवसभर कोड लिहितो. त्यातला निम्मा वेळ डेटा साफ करण्यात जातो. ग्राहकांच्या यादीत दोन प्रकारचे घोळ असतात. एक, एकच माणूस दोन नावांनी नोंदलेला. दोन, दोन वेगळी माणसं एकाच नावाखाली. पहिला घोळ लगेच निस्तरता येतो. दुसरा मात्र छळतो, कारण कोणता व्यवहार कोणाचा, हे नंतर वेगळं करताना घाम फुटतो.

आजच्या गोष्टीतल्या मुंगीच्या बाबतीत हे दोन्ही घोळ झाले. आणि ही मुंगी आहे पुण्याची.

रॉबर्ट चार्ल्स रॉटन हे मुंबई इलाख्यातले वन अधिकारी. नोकरी जंगलखात्याची, पण नाद मुंग्यांचा. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली होती. तिच्या जर्नलमध्ये १८९२ साली त्यांनी ‘आमच्या मुंग्या’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेखही लिहिला. सापडलेल्या मुंग्या ते स्वित्झर्लंडला ऑग्युस्त फॉरेल यांच्याकडे पाठवायचे. फॉरेल पेशानं मनोविकारतज्ज्ञ, झुरिकच्या मोठ्या मनोरुग्णालयाचे संचालक, आणि मुंग्यांचे जगातले जाणकार. पुढे स्विस नॅशनल बँकेनं हजार फ्रँकच्या नोटेवर एका बाजूला त्यांचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला मुंग्या छापल्या. विचार करा, नोटेवर मुंग्या!

पुण्याहून गेलेल्या मुंग्यांमध्ये एक होती जेमतेम दोन मिलिमीटरची. तिचे नर विचित्र होते. मुंग्यांचे नर साधारणपणे पंखवाले असतात. पावसाळ्यात दिव्याभोवती उडणाऱ्या मुंग्यांमध्ये तेही असतात. इथे नराला पंखच नाहीत. दिसायला तो बराचसा कामकरी मुंगीसारखा, आणि जबडे विळ्यासारखे वाकडे. एवढं वेगळं शरीर पाहून फॉरेलनी १८९० साली तिच्यासाठी नवा जीनस, म्हणजे नवं घराणंच उभं केलं. इटालियन मित्र कार्लो एमेरी यांच्या नावावरून त्याला म्हटलं ‘एमेरिया’. आणि मुंगीचं पूर्ण नाव झालं एमेरिया रॉटनी.

गंमत पुढेच आहे. थोड्याच काळात फॉरेलना कळलं की हे घराणं नवीन नाहीच. ही तर कार्डिओकाँडिला. आणि कार्डिओकाँडिला हा जीनस १८६९ साली कोणी मांडला होता? खुद्द एमेरींनी! म्हणजे मित्राच्या नावानं बांधलेलं घर मित्राच्याच जुन्या वाड्यात विलीन झालं. ‘एमेरिया’ नाव गेलं, ‘रॉटनी’ राहिलं. हा झाला पहिला घोळ: एकाच घराण्याच्या दोन नोंदी. शरीररचना बघण्यात चूक नव्हती, नर खरंच वेगळे होते. पण एका अवयवाचं वेगळेपण म्हणजे वेगळं घराणं, हा निष्कर्ष घाईचा होता.

आता दुसरा घोळ. १९२९ साली अमेरिकेतले विल्यम मॉर्टन व्हीलर यांनी तैवानच्या अशाच मुंग्यांचं वर्णन केलं. त्यांना त्या पुण्याच्या मुंगीचाच एक प्रकार वाटल्या, फक्त जरा गडद. म्हणून नाव दिलं ‘ऑब्स्क्युरिऑर’. लॅटिनमध्ये याचा अर्थ ‘अधिक काळसर’. वेगळी स्पीशीज नाही, नुसती छटा. मग पुढची कित्येक दशकं दोघी ‘रॉटनी’ याच नावाखाली नांदल्या. माणसांच्या व्यापाराबरोबर, कुंड्या-रोपांबरोबर त्या जगभर पसरल्या होत्या, त्यामुळे गोंधळही जगभर पसरला.

याच काळात या मुंग्या प्रसिद्ध झाल्या, त्यांच्या भांडखोर नरांमुळे. पंख नसलेला नर घरट्यातच राहतो आणि नव्यानं कोषातून बाहेर आलेल्या दुसऱ्या बिनपंखी नराला मारून टाकतो. पंखवाले नरही असतात, पण ते सुरुवातीला अंगाला कुमारी राणीसारखा वास धारण करतात आणि त्या वेषांतरामुळे वाचतात. एखाद्या वेबसिरीजला शोभेल असं कथानक! १९८७ साली फ्लोरिडातल्या या मुंग्यांच्या जीवघेण्या मारामारीवर शोधनिबंध आला. त्यावर नाव होतं रॉटनी. पण ती मुंगी होती ऑब्स्क्युरिऑर. म्हणजे काम खरं, निरीक्षणं खरी, आणि खातं दुसरीचं.

हा गुंता सोडवला जर्मनीतल्या बर्नहार्ड सायफर्ट यांनी, २००३ साली. त्यांनी रंगावर विसंबणं सोडलं, कारण रंग फसवतो. त्याऐवजी सूक्ष्मदर्शकाखाली मोजमापं घेतली: डोक्याची लांबी-रुंदी, पाठीवरच्या काट्यांची लांबी, कमरेच्या गाठींची रुंदी. एकेका मापात दोघींचे आकडे एकमेकांत मिसळू शकतात. पण अनेक मापं एकत्र ठेवून गणित मांडलं की ठिपक्यांचे दोन वेगळे पुंजके दिसू लागतात. मशीन लर्निंग शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. ऑब्स्क्युरिऑर स्वतंत्र स्पीशीज ठरली.

मग जनुकशास्त्र पुढे गेलं. २०१४ साली ऑब्स्क्युरिऑरचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला, साधारण १९ कोटी अक्षरांचा. माणसाचा ३०० कोटींच्या आसपास असतो. ब्राझील आणि जपानमधल्या मुंग्यांची तुलना केली, तेव्हा त्यांच्यातले बरेच फरक जीनोमच्या ठरावीक तुकड्यांत दाटलेले दिसले. तिथे जागा बदलत राहणारे डीएनएचे भाग, म्हणजे ‘उड्या मारणारी जनुकं’, गर्दी करून असतात. पुढे कळलं की या एका स्पीशीजच्या आतही दोन वेगळ्या वंशरेषा आहेत. डोळ्यांना एकच, डीएनएला दोन.

मग आता सगळं डीएनएवरच सोडून द्यायचं का? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण जरा थांबा. डीएनए सांगेल की हे दोन गट वेगळे आहेत. त्यातल्या ‘रॉटनी’ या नावावर हक्क कोणाचा, हे मात्र डीएनए सांगत नाही. ते ठरतं मूळ नमुन्यावरून. फॉरेल यांचा संग्रह जिनिव्हाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात जपलेला आहे. पुण्याहून गेलेली ती सुकलेली, टाचणीवरची मुंगी ज्या गटात बसते, त्या गटाला ते नाव मिळतं. जनुकांच्या डेटाबेसमध्येही कोणीतरी आधी शरीर पाहून नाव टाइप केलेलं असतं. तेच चुकलं, तर कोट्यवधी अक्षरं अगदी अचूक वाचली जातात आणि चुकीच्या नावाखाली साठवली जातात.

म्हणून शरीर आणि जनुक ही दोन साक्षीदारांसारखी आहेत. दोघांची साक्ष जुळली तर खात्री वाटते. जुळली नाही तर तपास परत सुरू करायचा. एकट्याच्या भरवशावर निकाल दिला, तर एमेरियासारखं घर बांधलं जातं आणि मोडावंही लागतं.

सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी पुण्यात कोणीतरी दोन मिलिमीटरचा जीव उचलला, नीट सुकवला आणि कुठून आणला ते लिहून ठेवलं. जीनोमच्या जमान्यातही शेवटचा दाखला त्या टाचणीवरूनच काढावा लागतो. आम्ही डेटावाले मूळ नोंद डिलीट करू नका म्हणून बोंबलतो ना, ते याचसाठी.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर साखरेच्या डब्यात मुंग्या दिसल्या, तर झटकण्याआधी जरा वाकून बघा. कदाचित त्या सगळ्या एकसारख्या नसतील.