गावांचे नकाशे मिटले, बुकमार्क राहिला

संगणकाच्या पडद्यावर कुठे आहोत, पुढे कुठे जाता येईल आणि परत कसे यायचे, हे नवख्या माणसाला कळावे म्हणून रचनाकारांनी सुरुवातीपासूनच ओळखीच्या जगातली रूपके उसनी घेतली. झेरॉक्स कंपनीच्या 1981 सालच्या ‘स्टार’ संगणकाने कचेरीतले टेबल, फाइली आणि टपालाचे ट्रे पडद्यावर आणले; 1984 च्या मॅकिंटॉशने ही कल्पना घराघरात नेली. कागदपत्रे हाताळणाऱ्या माणसाला आज्ञावली पाठ न करता काम जमू लागले. या यशातून पुढच्या दशकात एक मोठी अपेक्षा निर्माण झाली: टेबल चालते, तर अख्खी खोली का नको, अख्खे शहर का नको? या अपेक्षेचे पुढे जे झाले, त्यावरून रूपकाचे बळ कशात असते ते स्पष्ट दिसते. कृती सुचवणारी रूपके टिकली. जागेची हुबेहूब नक्कल करणारी मागे पडली.

अ‍ॅपलने 1994 मध्ये ‘ई-वर्ल्ड’ ही ऑनलाइन सेवा सुरू केली. तिच्या पहिल्या पडद्यावर एका टुमदार गावाचे चित्र असे. टपालासाठी एक इमारत, बातम्यांसाठी दुसरी, शिक्षणासाठी तिसरी. 1996 मध्ये ती बंद पडली. मायक्रोसॉफ्टने 1995 मध्ये ‘बॉब’ आणला. त्यात संगणक म्हणजे एक घर होते आणि खोल्यांमधल्या वस्तूंवर क्लिक करून कामे उघडायची होती. वर्षभरातच तो गुंडाळावा लागला. दोन्हींच्या अपयशाला इतर कारणेही होती: ई-वर्ल्ड महाग होती आणि बॉबला त्या काळाच्या मानाने ताकदवान संगणक लागे. पण पुढे संगणक वेगवान झाले, इंटरनेट स्वस्त झाले, तरी टपालाची किंवा बातम्यांची सेवा देणारे कोणी गावाच्या चित्राकडे मोठ्या प्रमाणावर वळले नाही. तेव्हा मूळ अडचण रूपकातच शोधावी लागते. गावात अंतर असते. एका इमारतीतून दुसरीत जायचे तर मधला रस्ता तुडवावा लागतो. वेबचा पायाच याच्या उलट आहे. व्हॅनिवर बुश यांनी 1945 च्या लेखात कागदपत्रांना एकमेकांशी जोडणाऱ्या वाटांची कल्पना मांडली होती आणि टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत ठेवलेला प्रस्तावही अशाच दुव्यांच्या जाळ्याचा होता. दुवा अंतर नाहीसे करतो. गावाचे चित्र तेच अंतर पुन्हा वाचकाच्या वाट्याला आणते.

टिकलेली रूपके पाहिली की हा फरक आणखी ठळक होतो. कागदी खूण एका पुस्तकात एकाच पानाशी राहते. ब्राउझरमध्ये हजारो पानांना बुकमार्क लावता येतात आणि त्यातला कोणताही क्षणात त्या पानावर पोचवतो. ‘ब्रेडक्रम्ब’ हे नाव ग्रिम बंधूंच्या कथेतल्या पावाच्या चुऱ्यावरून आले, पण संकेतस्थळावरची त्या नावाची ओळ बहुधा आपण चाललेली वाट दाखवत नाही, पान कोणत्या विभागात बसते ते दाखवते. खरेदीच्या गाडीने ‘आधी निवडा, मग एकदम पैसे द्या’ एवढा क्रम उचलला. तिची चाके आणि दुकानातले बोळ मागेच सोडले. हा क्रमसुद्धा आड येऊ लागला, तेव्हा अ‍ॅमेझॉनने एका क्लिकवर खरेदीची पद्धत काढली आणि 1999 मध्ये तिचे अमेरिकी पेटंट मिळवले.

यावर पहिला आक्षेप जिओसिटीज या, लोकांना स्वतःची वेबपाने मांडू देणाऱ्या सेवेचा. तिथे मनोरंजनाची पाने ‘हॉलीवूड’मध्ये आणि संगणकाची ‘सिलिकॉन व्हॅली’त वसवली होती, प्रत्येकाला घरक्रमांक होता आणि लोक अक्षरशः लोटले. याहूने 1999 मध्ये ती अब्जावधी डॉलरांना विकत घेतली. पण त्या वस्त्यांनी दिले ते शेजार आणि आपलेपण. ते खरेच होते आणि त्याचे मोल कमी लेखू नये. मात्र वाट शोधणे हे वेगळे काम आहे, आणि याहूने वस्त्यांचे पत्ते सोडून सदस्यनामांचे पत्ते आणले ते त्याच वर्षी. दुसरा आक्षेप असा, की रूपक ओळखीचे असले तरच उपयोगी पडते. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 ला आले, तेव्हा महाराष्ट्रातली बहुतेक घरे वाण्याला यादी देऊन सामान आणत. चाकांची गाडी ढकलत खरेदी करणारे थोडेच होते. तरीही पुढे गाडीचे चिन्ह इथे रुळले. त्याचा अर्थ असा, की वस्तू पाहिलेली नसली तरी चालते. कृती समजली आणि चिन्ह सगळीकडे सारखे राहिले की ते रूढ होते.

तिसरा आक्षेप रूपकच नको म्हणणाऱ्यांचा. 2013 मध्ये अ‍ॅपलने आयफोनच्या आयओएस 7 या प्रणालीमधून चामड्याचा आणि लाकडाचा भास काढून टाकला, तेव्हा रूपकांचा काळ संपला असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात गेले ते वस्तूचे कातडे. फोल्डर आणि कचऱ्याची टोपली तशीच राहिली. म्हणून मराठी संकेतस्थळे घडवणाऱ्यांना आग्रहाने सांगावेसे वाटते, की वाड्याची कमान किंवा चावडीचे चित्र पानावर खुशाल असू द्या, पण वाचकाला त्या कमानीखालून जायला लावू नका. त्याला हवे ते पान एका दुव्यावर मिळू द्या.