धारेकडून मुठीकडे

स्वयंपाकघरातल्या सुरीवर स्वतंत्र ग्रंथ असावा, तिच्या पोलादाविषयी माणसांनी तासन्‌तास बोलावे, हे मराठी वाचकाला सहज पटणार नाही. त्याला कारणही आहे. आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चिरण्याचे काम विळीने केले. विळीचे पाते जागच्या जागी राहते आणि भाजी धारेवर चालते. सुरीत पाते चालते आणि भाजी थांबते. उभ्याने करायचा ओटा आला तशी सुरी घरोघर रुळली, पण बहुतेक ठिकाणी ती कारखान्यात पत्र्यातून कापून काढलेली, बोथट झाली की टाकून द्यायची. त्यामुळे कारागिराने एका विशिष्ट हातासाठी, एका विशिष्ट कामासाठी सुरी घडवावी, ही कल्पना नवखी वाटली तर वाचकांनी संकोच करू नये. या क्षेत्रात शिरण्यासाठी कोणतीही पूर्वतयारी लागत नाही.

या कलेची सर्वांत समृद्ध परंपरा जपानमध्ये आहे, आणि ओसाकाला लागून असलेले साकाई शहर हे तिचे एक मुख्य ठाणे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तंबाखू जपानात पोहोचली आणि तिची पाने बारीक कातरण्याच्या सुऱ्या साकाईचे लोहार करू लागले. त्यांचा दर्जा पाहून तोकुगावा राजवटीने त्यांच्या मालावर खास शिक्का उमटवू दिला. पुढे १८७६ मध्ये सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि शस्त्रे घडवणारे अनेक हात घरगुती हत्यारांकडे वळले. साकाईत आजही एकच माणूस सगळी सुरी करत नाही. एक घडवतो, दुसरा धार काढतो, मूठ बसवणारा तिसरा. अमेरिकेतले हौशी आणि व्यावसायिक कारागीर याच्या उलट, पोलादाच्या पट्टीपासून मुठीच्या शेवटच्या घोटाईपर्यंत सारे स्वतः करतात. दोन्ही रीतींत उत्तम सुऱ्या होतात. मला स्वतःला साकाईची रीत अधिक भावते, कारण तिथे धार काढणाऱ्याला लोहाराइतकाच मान आहे.

नव्या माणसाची नजर आधी मुठीच्या रंगीत लाकडावर आणि पात्यावरच्या लाटांसारख्या नक्षीवर जाते. ते स्वाभाविक आहे. पण वाचकांनी क्रम उलटा धरावा, धारेपासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. सुरी समोरून धरून पाहा. पाठीकडून धारेकडे पाते कसे निमुळते होते, धारेच्या लगेच वर ते किती जाड आहे, यावर सगळे अवलंबून असते. तिथे जाडी राहिली तर धार कितीही तीक्ष्ण असो, गाजर चिरले जात नाही, फाकते. कच्च्या माशाचे काप काढण्याची जपानी यानागिबा लांब, अरुंद आणि एकाच अंगाने धार असलेली असते, कारण एका ओढीत काप निघाला तर मांस चेंगरत नाही. माशाचे डोके उतरवणाऱ्या देबाची पाठ मात्र जाडजूड. आकार कामातून येतो.

त्यानंतर पोलाद. लोखंडात कर्ब मिसळला की पोलाद होते. जपानी ‘पांढऱ्या कागदा’च्या पोलादात तो साधारण एक टक्का किंवा थोडा अधिक असतो आणि इतर फारसे काही नसते. ‘निळ्या कागदा’त टंगस्टन आणि क्रोमियम घालतात, त्यामुळे धार जास्त टिकते. ही नावे कारखान्यातून येणाऱ्या पट्ट्यांवरच्या कागदाच्या रंगावरून पडली. पण पोलादाच्या नावावर भुलू नये. आपल्या लोहारांच्या भाषेत ज्याला ‘पाणी पाजणे’ म्हणतात, तिथे सुरीचे नशीब ठरते. पाते आठशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते कमालीचे कठीण होते आणि तितकेच ठिसूळ. म्हणून ते पुन्हा दीड-दोनशे अंशांवर हलके तापवावे लागते. थोडी कठीणता जाते, चिवटपणा येतो. पारंपरिक लोहार तापमान रंगावरून ओळखतात, म्हणून भट्टीची जागा मुद्दाम अंधारी ठेवतात. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून कोयता घडवणारा आपल्याकडचा गावलोहारही याच ज्ञानावर उभा आहे. चांगले पाणी पाजलेले साधे पोलाद हे वाईट पाजलेल्या महागड्या पोलादापेक्षा केव्हाही सरस.

साध्या कर्बपोलादाची सुरी कांद्या-लिंबाने काळवंडते, ओली ठेवली तर गंजते. ज्यांना हे नको, त्यांच्यासाठी गंजरोधक पोलादे आहेत. शेफील्डच्या हॅरी ब्रीअर्लीने १९१३ मध्ये भरपूर क्रोमियमचे पोलाद ओतले, तिथपासून ही वाट सुरू होते. आज वितळलेल्या पोलादाची बारीक भुकटी करून, ती दाबून ठोकळे केले जातात. लॅरिन थॉमस यांनी आखलेले आणि २०२१ मध्ये बाजारात आलेले मॅग्नाकट हे याच पद्धतीचे.

नक्षीदार ‘दमास्कस’ पात्यांविषयी एक गोष्ट स्पष्ट हवी. आज दिसणारी बहुतेक नक्षी दोन प्रकारच्या पोलादांचे थर तापवून, घणाखाली एकजीव करून आणि मग आम्लाने उठवून काढलेली असते. अमेरिकेत ही विद्या बिल मोरान यांनी १९७३ मध्ये पुन्हा लोकांसमोर आणली. जुन्या पश्चिम आशियाई तलवारींवरची नक्षी वेगळी. ती वूट्झ पोलादाच्या आतूनच उमटत असे, आणि ते पोलाद दक्षिण भारतात बंद मुशीत तयार होई. तेलंगणातले कोनसमुद्रम हे त्याचे एक नामांकित केंद्र. मायकेल फॅरडेनेही तरुणपणी त्याचे कोडे सोडवण्याचा प्रयत्न केला होता. थरांची नक्षी सुंदर असते, पण केवळ तिच्यामुळे सुरी अधिक चांगली कापत नाही.

मूठ शेवटी घेतली, म्हणून ती कमी महत्त्वाची नव्हे. साकाईची मूठ मॅग्नोलियाच्या हलक्या लाकडाची, तोंडाशी म्हशीच्या शिंगाचे कडे. लाकूड ओल्या हातात निसटत नाही, कडे ते फुटू देत नाही, आणि मूठ हलकी असल्याने तोल पात्याकडे राहतो. अमेरिकी कारागीर गाठींचे रंगीत लाकूड वापरतात. निर्वात भांड्यात त्यात राळ मुरवून ते पक्के करतात, म्हणजे पाण्याने फुगत नाही. सजावटीला आपण परके नाही. ज्या कारागिरांनी अडकित्त्याला मोर आणि घोडे केले, त्यांना ही हौस समजली असती. सजवलेली मूठ तासभर धरून हात दुखत नसेल, तर ती सजावट कमावलेली आहे.

पहिली सुरी घ्यायची झाली तर एकच, मध्यम लांबीची, दोन्ही अंगांनी धार असलेली घ्या आणि सोबत हजार नंबरचा धारेचा दगड घ्या. दगड भिजवा, पाते ठरल्या कोनात धरा, धारेच्या पलीकडच्या अंगाला बारीक खरखर बोटाला लागेपर्यंत घासा, मग बाजू बदला. पुढची प्रकरणे त्यानंतर वाचलीत, तर अधिक उमगतील.