पहिल्या वर्षाच्या पुस्तकातला ‘मी’

मानसशास्त्र घेणारी बहुतेक मुलं स्वतःला समजून घ्यायला येतात. माझा स्वभाव असा का, मला भीती कशाची वाटते, घरच्यांशी पटत का नाही. आणि पहिल्या वर्षाचं पुस्तक उघडलं की समोर काय? मेंदूचे भाग, डोळ्याचा पडदा, मग पाव्हलॉव्हचा कुत्रा. ‘सर, यात मी कुठे आहे?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला इतिहास आहे.

विल्यम जेम्स हार्वर्डमध्ये 1875 मध्ये हा विषय शिकवायला लागले. शिक्षणाने डॉक्टर, वृत्तीने तत्त्वज्ञ. मानसशास्त्रावरचं आपण ऐकलेलं पहिलं व्याख्यान स्वतःचंच, असं ते गमतीने म्हणत. 1878 मध्ये त्यांनी पुस्तकाचा करार केला, आणि पुस्तक निघालं 1890 मध्ये! दोन खंड, मिळून तेराशेहून अधिक पानं.

त्यात त्यांनी एक बंड केलं. त्या काळची पुस्तकं सुट्या संवेदनांपासून सुरू होत. रंग, आवाज, स्पर्श अशा विटा रचत मन उभं करायचं. जेम्सचं म्हणणं, सुटी संवेदना अनुभवलीय कुणी? अनुभवाला येतो तो वाहता विचार, आणि तो नेहमी कुणाचा तरी असतो.

पण एवढी पानं विद्यार्थी वाचणार कशी? 1892 मध्ये संक्षिप्त पुस्तक आलं. वादविवाद, इतिहास, तत्त्वमीमांसा गाळली. इंद्रियांवरची प्रकरणं नव्याने घातली आणि सुरुवातीलाच ठेवली. मुलं मोठ्या पुस्तकाला ‘जेम्स’ म्हणत, छोट्याला ‘जिमी’. म्हणजे बघा, बंडखोरानेच पाठ्यपुस्तकापुढे मान तुकवली. मी त्यांना दोष देत नाही. तपासता येईल, परीक्षेत विचारता येईल असं ज्ञान डोळ्या-कानांबद्दलच जास्त होतं.

आता मेरी कॅल्किन्स यांची गोष्ट. माझ्या मते ती जास्त महत्त्वाची. या बाई वेलस्ली कॉलेजात ग्रीक शिकवत. त्यांना मानसशास्त्र शिकवायचं काम देऊ केलं गेलं. अट एकच, आधी वर्षभर अभ्यास करा. पण करणार कुठे? हार्वर्डमध्ये स्त्रियांना प्रवेश नव्हता. बऱ्याच खटपटीनंतर नोंदणी न करता वर्गात बसायची परवानगी मिळाली. 1890 च्या त्या वर्गातून बाकीचे विद्यार्थी गळाले आणि उरले दोघंच: शेकोटीच्या एका बाजूला जेम्स, दुसऱ्या बाजूला कॅल्किन्स, आणि अभ्यासाला ते नवंकोरं पुस्तक. 1895 मध्ये त्यांनी डॉक्टरेटची परीक्षा दिली. परीक्षक खूश होते, त्यांत जेम्सही होते. विद्यापीठाने पदवी नाकारली ती केवळ स्त्री म्हणून.

1901 मध्ये याच बाईंनी पहिल्या अभ्यासासाठी पाठ्यपुस्तक लिहिलं आणि त्यात ‘स्व’ला हक्काची जागा दिली. 1905 मध्ये त्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. ‘स्व’चं नशीब मात्र एवढं बलवत्तर नव्हतं. 1913 मध्ये जॉन वॉटसनने वर्तनवाद मांडला. जे दिसत नाही, मोजता येत नाही, ते बाहेर! यात शिस्त होती हे मान्य करायला हवं, पण किंमतही मोठी होती.

आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात 1916 मध्ये स्वतंत्र विभाग निघाला. प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्त हे हार्वर्डला ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकलेले. आणि म्युन्स्टरबर्गना जर्मनीहून आणलं कुणी? जेम्सनीच, 1892 मध्ये, ‘जिमी’ निघाला त्याच वर्षी! प्रयोगशाळा सांभाळायला माणूस हवा होता. जेम्सना स्वतःला तिचा कंटाळा. तेव्हा आपल्याकडे हा विषय स्वतंत्र झाला तो प्रयोगशाळेच्या दारातून. पुणे विद्यापीठात 1950 मध्ये विभाग सुरू झाला, त्याचं नावच मुळी प्रायोगिक मानसशास्त्र. ‘मी कोण’ हा प्रश्न मग आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांच्या वाट्याला आला.

वॉटसनकडे पुढच्या वेळी सविस्तर वळू. कॅल्किन्सबाईंचं 1901 चं पुस्तक इंटरनेटवर मोफत मिळतं. जमलं तर चाळून या.